बाराच्या मापाचा माणूस

सरांच्या निरोप-समारंभात मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी उठले नाही. घसा बसलाय अशी खूण केली आणि बशीतला केसरीबात, म्हणजे आपला केशरी शिरा, संपवत बसले. घसा ठणठणीत होता. एकेक जण माईकपाशी येऊन सर किती निःस्पृह, किती काटेकोर, मशीनपायी त्यांनी घरदारही कसं बाजूला ठेवलं, हे सांगत होता. खोटं कोणीच बोलत नव्हतं, त्याचाच जास्त संताप येत होता. प्रयोगशाळेच्या मालकांनी त्यांना शाल घातली तेव्हा उठून ती ओढून घ्यावी असं मला खरोखर वाटलं. घेतली नाही. टाळ्या मात्र वाजवल्या नाहीत.

बेंगळुरूत, येलहंकाच्या एका खाजगी तपासणी प्रयोगशाळेत मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काढली. मारतहळ्ळीहून मी दोन बस बदलून पोचायचे, तर सर माझ्याआधी तासभर मशीनसमोर. भर मे महिन्यात अंगात हातानं विणलेला तपकिरी स्वेटर, कारण मशीनच्या खोलीतला एसी त्यांनी कधी बंद होऊ दिला नाही. कोणी 'गुड मॉर्निंग' म्हटलं तर उत्तर यायचं, "बारा काय म्हणतो?"

बारा म्हणजे कार्बन बारा. जगातला बहुतेक सगळा कार्बन याच जातीचा. शंभरात एखादा कण वजनानं जरा जड असतो, तो तेरा. आमचं काम एवढंच, की आलेला नमुना चिमूटभर घ्यायचा, टिनच्या इवल्याशा पुडीत बांधायचा, मशीनमध्ये जाळायचा आणि निघालेल्या वायूत बारा किती, तेरा किती हे मोजायचं. झाडं हवेतून कार्बन घेतात तेव्हा हलका बारा जास्त पसंत करतात. त्यातही भात, गहू, फुलझाडं फार चोखंदळ. ऊस, मका, जोंधळा आणि नाचणी तितकी नाहीत, त्यांच्यात तेरा जरा जास्त सापडतो. त्यामुळे साखर उसाची की फुलाची, हे जिभेला कळलं नाही तरी मशीनला कळतं.

सरांना या बाराचं वेड होतं. जगातल्या सगळ्या अणूंची वजनं कार्बन बाराच्या मापानं ठरतात. त्याचं स्वतःचं वजन मात्र बरोब्बर बारा, कारण माणसांनी तसं ठरवूनच टाकलंय. हे सांगताना सरांचा चेहरा उजळायचा. "बाराला कोणी मोजत नाही अम्मा, बाराने बाकीच्यांना मोजायचं." मला पुढे पुढे वाटायला लागलं, की हे ते स्वतःबद्दलच बोलतायत.

मला 'अम्मा' म्हणायचे, इथल्या रीतीनं. वय तेव्हा माझं सव्वीस. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या काळापासून बेंगळुरूचं. "आमच्या घरी बोलतात मराठी, भांडतात कन्नडात," असं ते सांगायचे. पण त्यांना भांडताना मी कधी ऐकलं नाही, आणि माझी तक्रार तीच आहे.

नवीन माणूस नोकरीवर आला की सर त्याच्या मानेपाशी कात्री घेऊन यायचे. परवानगी मागायचे, पण केस हातात धरून झाल्यावर. जे खातो त्याचा कार्बन केसात उतरतो आणि केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतो, म्हणजे लांब केस असेल तर माणसानं कधी काय खाल्लं त्याची नोंदच. माझी वेणी तेव्हा कमरेपर्यंत. त्यातला एक लांब केस घेऊन त्यांनी तुकडे केले आणि दोन दिवसांनी डब्याच्या वेळी सगळ्यांदेखत म्हणाले, "अम्मा, शेंड्याला जोंधळा आहे. मुळाशी भात, नाहीतर गहू. त्यातलं कुठलं ते बारा सांगत नाही. दोन वर्षांमागं इकडे आलीस, सरी ना?"

सरी म्हणजे कन्नडात 'बरोबर', 'ठीक आहे'. आणि बरोबरच होतं. मी सीमाभागातली, रायबागकडची. आईच्या हातची जोंधळ्याची भाकरी सुटल्याला दोन वर्षंच झाली होती, आणि ते असं सेंटीमीटरमध्ये मोजलेलं ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सरांनी पाहिलं. म्हणाले, "शेंड्याचा आणखी एक तुकडा देतेस? एक आकडा स्वल्प हलतोय."

तेव्हा मी हसले होते. आता ते हसणंही परत घ्यावंसं वाटतं.

या केसांचा तक्ता त्यांनी नोटीसबोर्डावर लावला होता. नावानिशी. भातवाले वर, नाचणी-जोंधळावाले खाली. आमच्या नोंदणीच्या खिडकीवर एक मुलगी होती, कडक शाकाहारी घरातली, भात-सारावर वाढलेली. तिचा आकडा खाली आला. सरांनी तिच्या नावापुढे लिहिलं : 'मक्यावरची कोंबडी?' प्रश्नचिन्ह घातलं म्हणजे आपण न्यायानं वागलो, अशी त्यांची समजूत. त्या मुलीचा होणारा नवरा तिला न्यायला यायचा, त्यानं ते वाचलं. तीन आठवडे ती रडवेल्या तोंडानं कामावर येत होती. मग एक दिवस सर टाळी वाजवतच आले. या मुलीला दूध फार आवडतं, आणि इकडच्या गाईंना मक्याचा चारा घालतात! मका चाऱ्यातून दुधात, दुधातून केसात. त्यांनी 'कोंबडी' खोडून 'दूध!' लिहिलं आणि खुशीत आत गेले. तिला एका शब्दानं 'चुकलं' म्हणाले नाहीत. मी सांगून पाहिलं तेव्हा खरंच गोंधळून म्हणाले, "पण आता बरोबर लिहिलंय ना?"

असा माणूस. दुष्ट म्हणावा तर दुष्ट नाही. लाच देऊ पाहणाऱ्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी शांतपणे जिन्यापर्यंत पोचवलं होतं, आणि वर त्याची मिठाई तपासून तिच्यात काय आहे तेही त्याला सांगितलं होतं. सकाळी मशीन लावताना ओळखीची, म्हणजे आकडा आधीच ठाऊक असलेली साखर तीनदा जाळून बघायचे, मध्ये कोणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून. कॉफी बिनसाखरेची, मधुमेह नसताना. समारंभात हे सगळं सांगून झालं. जे कोणी सांगितलं नाही ते मी सांगते.

मधाचे नमुने आमच्याकडे ढिगानं यायचे. मधात साखरेचा पाक मिसळणारे पुष्कळ, त्यामुळे कंपन्या तपासल्याशिवाय माल घेत नाहीत. चाचणी सोपी. मधात माशीच्या अंगची थोडी प्रथिनं असतात. माशी परागावर पोसलेली, म्हणजे ती प्रथिनं फुलांच्या मापाची. ती वेगळी काढून तिचा आकडा घ्यायचा, मधाचा घ्यायचा आणि दोन्ही ताडून बघायचे. फरक एकच्या आत असला तर मध पास. जास्त असला तर मधात ऊस आहे. मग छापील अहवालातलं खालचं वाक्य ठेवायचं : 'नमुन्यात उसाची साखर मिसळून भेसळ केलेली आहे.' हे वाक्य फार पूर्वी सरांनीच घातलेलं. त्याखाली दोन सह्या, तपासणाऱ्याची माझी आणि प्रमुखांची त्यांची.

नमुन्यांवर फक्त क्रमांक असायचा. कोणाचा, कुठला, आम्हाला कळू नये म्हणून. सहीचा अधिकार मिळाल्यापासून तीन वर्षं मी त्या वाक्याखाली सही करत होते, आणि खरं सांगायचं तर त्यातलं 'मिसळून' मी कधी धड वाचलंच नव्हतं.

मार्चमधल्या एका सकाळी प्रयोगशाळेच्या बाकावर एक बाई येऊन बसल्या. इरकली लुगडं, मांडीवर स्टीलचा डबा, हातात घामानं ओला झालेला आमच्या अहवालाचा झेरॉक्स. वॉचमन कन्नडात विचारत होता, त्या मराठीत सांगत होत्या. बोली ऐकून मी धावतच बाहेर गेले. आमच्याकडच्याच, आमच्या गावापासून दोन गावं पलीकडच्या. नाव शांताक्का.

सर्जापूर रोडच्या सोसायट्यांत रानातला म्हणून मध विकणारी एक कंपनी त्यांच्याकडून माल घ्यायची. त्या कंपनीनं नमुना आमच्याकडे पाठवला होता. फरक दोनच्या वर निघाला. कंपनीनं अहवालाचा फोटो सगळ्या मधवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, की भेसळ करणाऱ्यांची अशी गत होईल.

"मी कशाला साखर घालू वं?" शांताक्का म्हणाल्या. "माझ्याकडं बघून गावातल्या सा बायकांनी पेट्या घेतल्यात. आता त्या माझ्या दारावरनं जाताना पदर सावरून जात्यात. काल एकीच्या पोरानं मला 'साखरआजी' म्हटलं. त्या मशीनला बोलवा, माझ्यासमोर सांगू दे त्याला."

सर बाहेर आले. चौकशी सुरू केली. पेट्या किती, झाडं कुठली, माशी कुठली. शांताक्का सगळं सांगत होत्या. पेरूची बाग, शेवगा, बांधावर पेट्या. "पल्याड आमच्या दिराचं गुऱ्हाळ. मधी एक रान फकस्त."

गुऱ्हाळ! लहानपणी काकांच्या गुऱ्हाळावर गेलं की काकवीच्या कढईभोवती माश्यांचं मोहोळ उठलेलं असायचं. आम्ही पोरं पाय आपटत पळायचो. माश्या चरकाच्या रसावर बसायच्या, थंड होत आलेल्या गुळावर बसायच्या, पोटभर ओढून पेटीकडे उडायच्या. हे मला ठाऊक होतं. उसाच्या पट्ट्यात जन्मलेल्या कोणालाही ठाऊक असतं. आणि तीन वर्षं मी मधात ऊस सापडला की माणसानं घातला, असं लिहिलेल्या कागदावर डोळे मिटून सह्या केल्या होत्या. त्या क्षणी मला सरांपेक्षा स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

सरांचा चेहरा मात्र उजळला होता. तोच तो, बाराबद्दल बोलतानाचा.

"अय्यो, मग ऊसच!" ते म्हणाले. "अम्मा, आकडा एकदम बरोबर आला बघ!" आणि त्यांनी खुशीत वॉचमनला तीन कॉफी सांगितल्या.

शांताक्कांनाही बरं वाटलं. त्या म्हणाल्या, "मग तसं लिवून द्या की, सायब."

"ते कसं लिहिणार? आकडा तोच आहे. मधात ऊस आहे का, कंपनीनं विचारलं. आहे."

"त्यांनी ते विचारलंच नव्हतं!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की खिडकीवरची मुलगी उठून उभी राहिली. "त्यांनी विचारलं, बाईनं लबाडी केली का? आणि आपण होय म्हटलंय."

"ते मशीनला कुठून कळणार अम्मा? कार्बन कुठून आला ते कळतं. कोणी आणला ते नाही कळत."

"मग कागदावर 'मिसळून' कोणी लिहिलं? मशीननं?"

झेरॉक्स हातात घेऊन ते वाक्य सरांनी पुन्हा पुन्हा वाचलं. जणू दुसऱ्या कोणाचं असावं. शांताक्का माझ्याकडे आणि त्यांच्याकडे बघत होत्या. कॉफी आली, तिला कोणी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सर आलेच नाहीत. सहा वर्षांत पहिल्यांदा. चौकशी केली तर शांताक्कांबरोबर बस धरून तिकडे गेलेले, स्वेटरसकट. आठवड्यानं परत आले ते उन्हानं काळवंडून आणि हातावर दोन डंख घेऊन. पिशवीत चाळीसेक बाटल्या. कढईतला पाक, कढईभोवती पकडलेल्या माश्या, पायाला पराग लागलेल्या माश्या, गुऱ्हाळाजवळच्या पेटीतला मध, त्याच्या पुढच्या पेटीतला, असं करत थेट माळावर एका बाईची पेटी होती तिथपर्यंत. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी. त्यांनी पुढचे तीन आठवडे कंपन्यांचे नमुने बाजूला सारून हेच जाळलं. मी पुड्या बांधायला बसायचे. त्या दिवसांत मी त्यांना मनातल्या मनात सगळं माफ केलं होतं, हे कबूल करते. जसजशी पेटी गुऱ्हाळापासून लांब, तसतसा मधातला ऊस कमी. कागदावर ठिपके मांडले तर सरळ उतरती रेघ. माणसानं डबा डबा साखर ओतली असती तर अशी रेघ आली नसती.

"माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर रेघ," सर म्हणाले. त्यांनी इंग्रजीत एक पान लिहिलं. रेघ वर, मजकूर खाली.

ते पान घेऊन आम्ही मालकांकडे गेलो. मालकांनी वाचलं आणि विचारलं, की हे बाहेर गेलं तर याआधी नापास केलेले सगळे उद्या दारात येऊन उभे राहतील, त्यांना काय सांगायचं? गिऱ्हाईक आमच्याकडे होय-नाही घ्यायला येतात, गोष्टी ऐकायला नाही. पान फाइलला लावा.

मी सरांकडे बघितलं. आता बोलतील. लाच देणाऱ्याला जिना दाखवणारा माणूस, ओळखीची साखर तीनदा जाळणारा माणूस. आता तरी भांडतील. मराठीत नाहीतर कन्नडात.

सर म्हणाले, "सरी."

एवढंच. खोलीत आले, पान फाइलला लावलं, कपाट बंद केलं आणि दुसऱ्या दिवसासाठी ओळखीच्या साखरेच्या पुड्या बांधायला बसले. शेवटी मी म्हटलं, "सर, शांताक्कांचं काय?"

"खरं काय ते कळलं ना आता अम्मा?"

"कोणाला कळलं?"

"आपल्याला," ते म्हणाले. आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मला लाज वाटते सांगायला, पण मी त्या वेळी हातातला चिमटा भिरकावला. भिंतीवर आपटून तो खाली पडला. सरांनी तो उचलला, टोकं जुळतात का ते उजेडात धरून पाहिलं आणि माझ्यासमोर ठेवला.

नोकरीची भीती मलाही होती. ते खोटं सांगत नाही. महिनाभर मी कपाटाकडे बघत काढला, आणि तो महिना मी सरांच्या नावावर टाकू शकत नाही. मग एके दुपारी सर जेवायला गेलेले असताना फाइल काढली, पानाचा फोटो काढला आणि शांताक्कांना पाठवून दिला. पान हातातच होतं तोवर फोन आला.

"इंग्रजीत हाय गं समदं," त्या म्हणाल्या. "वाचून दाव की. त्या सा जणी हितंच बसल्यात, मीच बोलावून घेतलंय. फोन मोठ्यानं केलाय."

मी मराठीत सांगत वाचू लागले. गुऱ्हाळापासून पेटीचं अंतर. बारा किती, तेरा किती. पाकातला कार्बन, परागातला कार्बन. उतरती रेघ.

"झालं?" शांताक्कांनी विचारलं.

"झालं."

"मग मी मिसळलं नाही असं कुठं लिवलंय?"

मी पान पुन्हा वाचलं. उलटं करून पाहिलं. एवढं उन्हात हिंडून, तीन आठवडे नमुने जाळून त्या माणसानं जे पान लिहिलं होतं, त्यात माश्या होत्या, कढई होती, वाऱ्याची दिशासुद्धा होती. शांताक्का कुठेच नव्हत्या. नमुना क्रमांक होता. ज्या एका वाक्यासाठी ती बाई एवढ्या लांबून येऊन आमच्या बाकावर बसली होती, ते लिहायचं त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. मालकांनी पान बाहेर जाऊ दिलं असतं, तरी ते वाक्य गेलं नसतं.

"हाय का नाही गं?" फोनमधून आवाज आला. मागे कोणीतरी खोकलं.

"आहे," मी म्हटलं. "सगळ्यात खाली आहे. ऐका. 'हा मध शांताक्कांचा आहे. त्यांनी मधात काहीही मिसळलेलं नाही. आधीचं लिहिलेलं चुकीचं होतं.'"

पलीकडून शांताक्कांनी नाक ओढल्याचा आवाज आला.

"खाली सही कुणाची हाय?"

"माझी," मी म्हटलं, आणि टेबलावर पेन शोधू लागले.